पृथक्करणाने रस मरतो काय?

संगीत ऐकावे, त्याची चिरफाड करू नये, हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा आणि इतक्या गंभीर चेहऱ्याने उच्चारले जाते की ते एखादे स्मृतिवचनच असावे असा नवख्याचा समज व्हावा. वस्तुतः ते कोणत्याही शास्त्रात सापडत नाही. ज्या परंपरेने रसाची सामग्री विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव अशी वेगवेगळी मांडून दाखविली, जिने काव्यातील एकेका अलंकाराला नाव दिले आणि त्या नावांवरून शतकानुशतके वाद घातले, त्या परंपरेच्या वारसांनी पृथक्करणाने रस मरतो असे म्हणावे, यासारखा विपर्यास दुसरा नाही. तरीही हे वाक्य चालते. आणि युरोपीय वाद्यवृंदाच्या संगीताचा विषय निघाला म्हणजे तर ते सर्वांत जोराने चालते.

या वाक्याचे पुरस्कर्ते तीन प्रकारचे आहेत. पहिला भावुक रसिक. त्याच्या मते सिंफनी म्हणजे विषाद, वादळ, नियती आणि शरद ऋतू यांचा पट. तो आस्वादावा आणि गप्प बसावे. दुसरा साचेवाला पंडित. तो स्वतःला पृथक्करणाचा कैवारी म्हणवितो. परंतु त्याचे पृथक्करण म्हणजे एका छापील तक्त्याप्रमाणे कृतीच्या तुकड्यांवर चिठ्ठ्या डकविणे, आणि त्याचे हे काम पाहूनच पहिल्याला आपले मत पटते. तिसरा स्वकीयत्वाचा अभिमानी. तो म्हणतो, ज्यात राग नाही, आलाप नाही, ज्याचा आपल्या देवळाशी आणि मैफलीशी संबंध नाही, त्याची रचना समजून घेण्याची उठाठेव आपण कशाला करावी? हे तिघे एकमेकांचे शत्रू दिसले तरी तिघांचा मथितार्थ एकच आहे : विचार करण्याचे श्रम वाचवा.

या तिघांना उत्तर देण्यासाठी मी एकच पुरावा पुढे ठेवतो. अनेक कृतींची नावे घेऊन वाचकाला दिपविण्यापेक्षा एका कृतीची नीट तपासणी करणे हे न्यायाला धरून होईल. ही कृती म्हणजे योहानेस ब्राम्स यांच्या चौथ्या सिंफनीचा, ई मायनरमधील सिंफनीचा, पहिला भाग. ब्राम्स यांचा जन्म १८३३ साली हांबुर्ग येथे झाला. ही सिंफनी त्यांनी १८८४ आणि १८८५ च्या उन्हाळ्यांत ऑस्ट्रियातील म्युर्त्सत्सुश्लाग या गावी लिहिली, आणि २५ ऑक्टोबर १८८५ रोजी माइनिंगेन येथे स्वतःच्या संचालनाखाली ती प्रथम सादर केली. पाश्चात्त्य स्वरलेखनात मात्रांचे लहान समान गट उभ्या रेघांनी वेगळे केलेले असतात, त्यांना बार म्हणतात. या पहिल्या भागात असे ४४० बार आहेत आणि वादनाला साधारण बारा-तेरा मिनिटे लागतात. म्हणजे आपल्या एखाद्या छोट्या ख्यालाइतकाच हा ऐवज आहे. त्याची तपासणी करण्यास सवड नाही अशी सबब कोणालाही सांगता येणार नाही.

सुरुवात पाहा. कसलीही प्रस्तावना नाही. हस्तलिखितात चार बारांची एक छोटी प्रस्तावना आढळते, पण ब्राम्स यांनी ती लिहून नंतर खोडून टाकली. आता व्हायोलिने एकदम बोलू लागतात. ई हा आपला षड्ज मानला, तर त्यांचे पहिले आठ स्वर असे येतात : पंचम, कोमल गांधार, षड्ज, कोमल धैवत, मध्यम, ऋषभ, शुद्ध निषाद, पंचम. दोन-दोन स्वरांची ही चार जोडपी, आणि प्रत्येक जोडप्यानंतर थोडी विश्रांती. त्या विश्रांतीत सुषिर वाद्यांचा हलका प्रतिध्वनी. कानाला प्रथम जाणवते ते एवढेच की स्वर एकदा खाली येतो आणि एकदा वर जातो. पण सप्तक बाजूला ठेवून नुसती स्वरांची नावे ओळीने वाचा. पंचमापासून एक स्वर गाळून गांधार, तेथून एक गाळून षड्ज, मग धैवत, मग मध्यम, मग ऋषभ, मग निषाद, आणि पुन्हा पंचम. प्रत्येक पाऊल एकाच मापाचे आहे. ही एक उतरती साखळी आहे आणि तिच्यात सातही स्वर एकेकदा येऊन गेल्यावरच पहिला स्वर पुन्हा भेटतो. पुढच्या चार बारांत हीच साखळी उलटी फिरते आणि त्याच मापाच्या पावलांनी वर चढते.

भावुक रसिक येथे काय सांगतो? तो सांगतो, हे उसासे आहेत. बरे, उसासे असतील. पण उसाशासारखे दोन-दोन स्वरांचे तुकडे युरोपच्या संगीतात हजारो ठिकाणी आहेत. जे विधान हजार कृतींना सारखेच लागू पडते, ते या कृतीविषयी काहीच सांगत नाही. न्यायालयात आरोपीचे वर्णन करताना साक्षीदाराने 'त्याला दोन हात आणि दोन पाय होते' असे सांगितले, तर ते खोटे नसते. केवळ निरुपयोगी असते. उसासे आणि शरद ऋतू ही याच जातीची साक्ष आहे.

ही केवळ निरुपद्रवी कविता असती तर मी तक्रार केली नसती. परंतु साखळी न दिसल्यामुळे प्रत्यक्ष अन्याय घडतो, आणि तो या कृतीच्या बाबतीत घडलाही आहे. १८८६ साली व्हिएन्नात ह्यूगो वोल्फ या तरुण संगीतकाराने, जो त्या वेळी टीकाकाराचे कामही करीत असे, या सिंफनीवर असा प्रहार केला की कल्पनेवाचून रचना करण्याच्या कलेला ब्राम्स यांच्या रूपाने योग्य प्रतिनिधी लाभला आहे. वोल्फ स्वतः मोठा कलावंत होता, त्याचा कान मंद नव्हता. पण तो ब्राम्सविरोधी पक्षाचा होता, आणि त्याला हवी होती ती कल्पना म्हणजे दुरून ओळखू येईल अशी देखणी चाल. येथील कल्पना चालीच्या पृष्ठभागावर नसून तिच्या सांध्यांत आहे. उलट बाजूला ब्राम्स यांचे कट्टर समर्थक एडुआर्ड हान्सलिक यांनी हा भाग दोन पियानोंवर प्रथम ऐकला तेव्हा दोन भयंकर हुशार माणसांनी आपल्याला बदडून काढल्यासारखे वाटले, असे उद्गार काढल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. म्हणजे शत्रूला तेथे कल्पनाच दिसली नाही आणि मित्राला ती सोसवली नाही. पुढे आर्नोल्ड शोनबर्ग यांनी ब्राम्स हा प्रागतिक होता असे प्रतिपादन करणारा निबंध लिहिला. तो १९४७ साली त्यांच्या सुधारित स्वरूपात सिद्ध झाला. या सिंफनीतील तृतीय अंतरांच्या साखळ्यांकडे त्यांनी बोट दाखविले. ब्राम्स यांना पुराणमतवादी म्हणून मोडीत काढणाऱ्यांचा पक्ष तेव्हापासून लंगडा झाला. एका माणसाच्या कीर्तीविषयीचा निकाल पृथक्करणाने फिरविला, हे लक्षात ठेवावे.

आता साचेवाल्या पंडिताकडे वळू. त्याचा तक्ता असा : सिंफनीचा पहिला भाग सोनाटा रूपात असतो. प्रथम मांडणी, तीत मूळ स्वरभूमीत पहिला विषय आणि दुसऱ्या स्वरभूमीत दुसरा. ही मांडणी दोनदा वाजवायची. नंतर विस्तार, त्यात विषयांची ओढाताण. मग पुनर्मांडणी, तीत दोन्ही विषय मूळ स्वरभूमीत. शेवटी समारोप. हा तक्ता खोटा नाही. पण तो कधी तयार झाला हे पंडित विसरतो. 'सोनाटा रूप' या संज्ञेला आणि तिच्या पद्धतशीर वर्णनाला प्रतिष्ठा मिळाली ती प्रामुख्याने ए. बी. मार्क्स या बर्लिनच्या अध्यापकाच्या ग्रंथांमुळे, १८४० च्या दशकात. त्या वेळेपर्यंत बेथोव्हेनचा मृत्यू होऊन तपे लोटली होती. हायडन आणि मोझार्ट तर त्याच्याही आधी गेले होते. ज्यांनी हे रूप घडविले त्यांच्यापुढे तक्ता नव्हता. रूढी आधी आणि तिचे संहितीकरण मागाहून, हे कायद्याच्या इतिहासात जसे घडते तसेच येथेही घडले. संहितेतील कलम वाचून रूढीचे कारण कळत नाही, आणि तक्त्यातील घर वाचून कृतीचे कारण कळत नाही.

तक्ता हातात घेऊन ब्राम्सची तपासणी केली तर काय हाती लागते? मांडणी १४४ व्या बारापर्यंत, विस्तार २४५ पर्यंत, पुनर्मांडणी ३९३ पर्यंत, समारोप शेवटपर्यंत. चिठ्ठ्या लागल्या, काम संपले, आणि श्रोता होता तेथेच उभा. मग भावुक रसिक विजयाने विचारतो : पाहिलेत? यात रस कोठे आहे? त्याचा प्रश्न रास्त आहे. पण त्याने दोष दिला पाहिजे तो अर्धवट पृथक्करणाला, पृथक्करणाला नव्हे. ज्याने केवळ घरे मोजली त्याने एक गोष्ट विचारलीच नाही : हे असे का?

तो प्रश्न विचारून पाहू. तीन जागा घेतो. वाचकाने स्वतः ऐकून त्यांची शहानिशा करावी.

पहिली जागा १४५ व्या बाराची. ब्राम्स यांच्या आधीच्या तिन्ही सिंफनींच्या पहिल्या भागांत मांडणी दोनदा वाजवावी अशी खूण आहे. चौथीत ती नाही. मांडणी संपते आणि सुरुवातीची साखळी पुन्हा तिच्या मूळ स्वरांत, मूळ स्वरभूमीत, पूर्वीसारख्याच मंद आवाजात सुरू होते. श्रोत्याला वाटते, परिपाठाप्रमाणे मांडणीची दुसरी फेरी सुरू झाली. पण काही बारांतच स्वरसंगती भलतीकडे वळते, आणि आपण पुन्हा घरी आलो नसून प्रवासाला निघालो आहोत हे ध्यानात येते. परत येणे हीच निघण्याची रीत झाली. ही नुसती गंमत नाही. ज्याला रिवाज माहीत नाही त्याला ही जागा कळणारच नाही, कारण फसगत होण्यासाठी आधी अपेक्षा असावी लागते. तेव्हा येथील रस ज्ञानावाचून मिळत नाही, ही गोष्ट भावुक रसिकाने नोंदवून ठेवावी. आणि ही जागा तक्त्याच्या कोणत्याही घरात नीट बसत नाही, ही गोष्ट पंडिताने नोंदवून ठेवावी.

दुसरी जागा २४६ व्या बाराची. येथे पुनर्मांडणी व्हावयाची आहे. पण ब्राम्स यांनी एक अडचण स्वतःवर ओढवून घेतली आहे. मूळ विषय मूळ स्वरभूमीत, शंभर बारांपूर्वीच, जशाचा तसा परत येऊन गेला आहे. आता तो पुन्हा तसाच आला तर त्या येण्याला किंमत राहणार नाही. एकच दस्तऐवज दोनदा हजर करावा तसे ते होईल. मग काय केले? आवाज विरत जातो. सुषिर वाद्ये पंचम, गांधार, षड्ज, धैवत हे चारच स्वर अतिशय मंदपणे, प्रत्येक स्वर पूर्ण बारभर लांबवून, उच्चारतात आणि थांबतात. तंतुवाद्यांची एक धूसर लाट येऊन जाते. मग साखळीचे उरलेले चार स्वर, तशाच संथपणे. पुन्हा तीच लाट. आणि त्यानंतर, जणू काहीच घडले नाही अशा रीतीने, सूर पाचव्या बारात होता त्या ठिकाणापासून नेहमीच्या गतीने पुढे चालू लागतो. मूळच्या चार बारांना येथे सुमारे बारा बार लागले. या जागेला गूढ, अद्भुत, स्वप्नवत् अशी विशेषणे लावली जातात, आणि ती सर्व खरी आहेत. पण ती का खरी आहेत? कारण पहिल्या जागेत खोटे परत येणे घडून गेले. म्हणून दुसऱ्या जागेत खऱ्या परत येण्याला वेगळे रूप घेणे भाग पडले. एका निर्णयातून दुसरा निर्णय अपरिहार्यपणे निघाला. हे अद्भुत आहे, आणि ते युक्तिवादाने सिद्ध झालेले अद्भुत आहे.

तिसरी जागा ३९४ व्या बाराची. मूळ विषय सुरुवातीला मंद आवाजात आला, १४५ मध्ये मंद आला, २४६ मध्ये तर श्वास रोखून आला. विषयाच्या पोटात जे सामर्थ्य आहे ते पूर्ण आवाजात एकदाही प्रकट झालेले नाही. हे ऋण साचत आले आहे. समारोपात ते फेडले जाते. साखळी संपूर्ण वाद्यवृंदाच्या जोराने येते, आणि खालच्या व वरच्या वाद्यांत एकामागून एक अशी येते, की एकीचा शब्द पुरा होण्याआधी दुसरी तोच शब्द उचलते. सुरुवातीची हळवी वाटणारी जोडपी आता हातोड्यासारखी आदळतात. स्वर तेच, क्रम तोच, अंतर तेच. शेवटी टिंपनीच्या ठोक्यांनी ई मायनरवर शिक्कामोर्तब होते.

या तीन जागा एकमेकींना बांधलेल्या आहेत. पहिली काढली तर दुसरीला कारण उरत नाही, आणि या दोन काढल्या तर तिसरीला देणे उरत नाही. यालाच मी रचना म्हणतो. घरांची यादी म्हणजे रचना नव्हे. एका गोष्टीमुळे दुसरी गोष्ट होणे म्हणजे रचना.

येथे स्वकीयत्वाचा अभिमानी उठून म्हणेल की हा सगळा परक्या शास्त्राचा खटाटोप आहे. त्याच्यासाठी मी घरचीच कसोटी आणतो. एखाद्या ग्रंथाचे तात्पर्य ठरवायचे असेल तर मीमांसकांनी सहा लिंगे सांगितली आहेत : उपक्रम आणि उपसंहार यांचा मेळ, अभ्यास म्हणजे पुनरुक्ती, अपूर्वता म्हणजे नावीन्य, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात गीतेचे तात्पर्य ठरविताना याच कसोटीचा आधार घेतला, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. १९०५ च्या टागोर विधि-व्याख्यानांत किशोरीलाल सरकार यांनी हिंदू कायद्याच्या अर्थनिर्णयासाठी मीमांसेच्या नियमांचे विवेचन केले, हे वकिलांना ठाऊक असावे. शब्दांच्या ग्रंथासाठी घडविलेली ही कसोटी स्वरांच्या ग्रंथाला सर्वस्वी लागू पडेल असा माझा दावा नाही. परंतु ती लावून पाहावी.

उपक्रम म्हणजे उतरती साखळी. उपसंहारात तीच साखळी पूर्ण बळाने. एवढेच नव्हे, तर सिंफनीच्या चौथ्या आणि अखेरच्या भागात, बाखच्या एका कॅन्टाटातून घेतलेल्या आधारसूत्रावर विस्तारामागून विस्तार होत असताना, अंताच्या जवळ हीच तृतीय अंतरांची साखळी पुन्हा डोके वर काढते. म्हणजे पहिल्या भागाचा उपक्रम साऱ्या सिंफनीच्या उपसंहाराला जाऊन भिडतो. अभ्यास : तोच विषय चार वेळा, आणि प्रत्येक वेळी निराळ्या अधिकाराने. अपूर्वता : मांडणीच्या पुनरावृत्तीचा त्याग आणि तिचा आभास. फल : येथे जरा थांबावे लागेल. मांडणी ई मायनरमधून बी मायनर आणि मग बी मेजर येथे पोहोचते. पुनर्मांडणीत त्याच न्यायाने ई मेजरचा प्रकाश पडतो. उतावळा श्रोता म्हणेल, झाले, अंधारातून उजेडाकडे. ब्राम्स यांच्याच १८७६ साली पूर्ण झालेल्या पहिल्या सिंफनीचा पहिला भाग खरोखरच मेजरमध्ये शांतपणे मिटतो. पण येथे समारोप तो प्रकाश मागे घेतो. फल मधल्या प्रकरणावरून ठरवायचे नसते, शेवटावरून ठरवायचे असते. आणि शेवट ई मायनर आहे. अर्थवाद : मांडणीत सुषिर वाद्यांचा एक तुतारीसारखा, वीरश्रीयुक्त पुकारा येतो आणि पुढे वारंवार घुमतो. अनेक वर्णनकारांनी त्यावरून शूर सरदारांच्या कथा रचल्या आहेत. माझ्या मते तो पुकारा मुख्य विषयाला उठाव देण्यासाठी आहे; समारोपात निकालाची भाषा तो बोलत नाही, साखळीच बोलते. अर्थवादाला विधी समजणे ही मीमांसकांनी निषिद्ध मानलेली चूक आपले कथाकार नित्य करतात. आणि शेवटी उपपत्ती : तिन्ही जागांचा जो कार्यकारणभाव वर दाखविला तोच.

सहाही लिंगे एकाच तात्पर्याकडे बोट दाखवितात. ते असे की या भागाचा विषय म्हणजे परत येणे. आणि प्रत्येक परत येण्याने मूळ वचनाचा अर्थ अधिक कठोर होत जातो. आता या तात्पर्याला कोणी विषाद म्हणावे, कोणी नियती म्हणावे, माझी हरकत नाही. पुरावा आधी आणि नाव मागाहून, एवढीच अट आहे.

परकेपणाविषयी आणखी दोन शब्द. या आरंभीच्या साखळीतले सात स्वर आपल्या कीरवाणीचेच आहेत. हे ऐकताच काहींना असा हर्ष होतो की ब्राम्स कीरवाणी गात होता असे ते जाहीर करून टाकतात. हेही आळसाचेच एक रूप आहे. सात स्वर जुळल्याने राग होत नाही. रागाला आपला चलनक्रम, आपले न्यास, आपली अंगे लागतात. तिऱ्हाइताला आपलासा करण्यासाठी त्याला आपले कपडे घालण्याचे कारण नाही. त्याचे म्हणणे त्याच्याच भाषेत ऐकून घेणे हा खरा आदर. आणि आपली रीत तरी काय आहे? देवळाच्या सभामंडपात गाणे चालू असता जो श्रोता मनातल्या मनात मात्रा मोजत असतो, त्यालाच समेचा आनंद पूर्णपणे लाभतो. तिहाई समेवर अचूक पडली की त्याच्या तोंडून जी दाद निघते ती गणिताला मिळालेली दाद असते, आणि ती मनापासूनची असते. ज्या गोमंतकाने लयभास्कर खाप्रुमाम पर्वतकरांना डोक्यावर घेतले, त्या गोमंतकातील रसिकाने हिशेबाने रस मरतो असे म्हणू नये.

शिवाय हे संगीत आपल्यापासून फार दूरही नव्हते. गोव्यातील चर्चच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकविले गेले. १९३५ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रात आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोमंतकीय वादकांनी जे काम केले ते सर्वश्रुत आहे. एका वाड्यावर घंटा आणि चौघडा, पलीकडच्या वाड्यावर व्हायोलिन; मध्ये एक पाणंद. त्या पाणंदीपलीकडचा शेजारी डोळ्यांनी जे वाचतो ते काय आहे, हे आपण किती वेळा विचारले? त्याच्या संगीताला 'त्यांचे' म्हणून बाजूला ठेवणे सोपे होते. न विचारण्याला स्वाभिमान हे नाव देणे मला तरी मान्य नाही.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा. तो म्हणतो : ज्याला बार म्हणजे काय हे माहीत नाही असा माणूसही हा भाग ऐकून हेलावतो; मग तुमच्या तीन जागांची गरज काय? या मुद्द्यातील वस्तुस्थिती मला पूर्णपणे मान्य आहे. असा माणूस हेलावतो, आणि त्याचे हेलावणे अस्सल असते. त्याला परीक्षेला बसविण्याची माझी इच्छा नाही. पण तो हेलावतो याचे कारण ती रचना त्याच्या नकळत त्याच्यावर काम करीत असते. पायाखालची जमीन दिसली नाही म्हणून ती नसते असे नाही. आणि माझा वाद त्या मूक श्रोत्याशी नाहीच. माझा वाद आहे तो बोलणाऱ्याशी, लिहिणाऱ्याशी, व्यासपीठावरून परिचय करून देणाऱ्याशी. जो स्वतःसाठी आनंद घेतो त्याच्यावर सिद्धतेचा भार नाही. जो दुसऱ्याला सांगतो की ही कृती थोर आहे किंवा क्षुद्र आहे, तो विधान करतो. आणि जो विधान करतो त्याच्यावर ते सिद्ध करण्याचा भार असतो. हे तत्त्व पुराव्याच्या कायद्यात आहे आणि सामान्य सभ्यतेतही आहे. 'मला असे वाटले' हा पुरावा केवळ वाटणाऱ्याविषयीचा आहे, कृतीविषयीचा नव्हे.

पृथक्करण आणि भावना यांचे वैर मुळातच कृत्रिम आहे, याची साक्ष रोमँटिक संप्रदायाच्या उगमाशीच मिळते. ई. टी. ए. हॉफमन यांनी १८१० साली बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीवर जो प्रसिद्ध लेख लिहिला, त्यात अनंताची ओढ, भय आणि उत्कंठा यांची भाषा आहे. रोमँटिक संगीतविचाराची ती जणू सनदच मानली जाते. त्याच लेखात हॉफमन यांनी स्वरलेखनाचे उतारे देऊन, कोणता सूक्ष्म तुकडा कोठे आणि कसा परत येतो हे पानेच्या पाने दाखविले आहे. आपल्या भावुकांनी त्या लेखाचा अर्धा भाग उचलला आणि अर्धा टाकून दिला. टाकलेला अर्धा भाग हाच उचललेल्या अर्ध्याचा जामीन होता.

पृथक्करणाच्या मर्यादाही सांगून टाकतो. साखळी दाखविता येते. ती कोणाला का सुचावी हे दाखविता येत नाही. तीन जागांचा संबंध सिद्ध करता येतो. तो संबंध श्रोत्याला रुचलाच पाहिजे अशी सक्ती करता येत नाही. आणि निव्वळ अंतरे जुळविण्याच्या नादात कोणत्याही दोन सुरांत नाते शोधणारे विद्वान असतात. त्यांचे शोध ऐकू येत नसतील तर ते फेटाळावेत. ऐकू येणे हीच शेवटची साक्ष. म्हणूनच मी बार सांगितले, विशेषणे मागे ठेवली. बार तपासून मला खोटे ठरविता येते. विशेषणांनी बोलणाऱ्याला कोणीच खोटे ठरवू शकत नाही, आणि त्याचे सारे धैर्य तेवढ्यावरच उभे असते.

तेव्हा मागणी लहानच आहे. संगीताविषयी लिहिणाऱ्याने, मग ते ब्राम्सविषयी असो वा भैरवाविषयी, निदान एक जागा दाखवावी; ती तेथेच का आली हे सांगावे; आणि मग हवी तितकी विशेषणे खर्च करावीत. ऐकणाऱ्यानेही हा बारा-तेरा मिनिटांचा भाग लागोपाठ तीनदा ऐकावा. कार्लोस क्लायबर यांनी १९८० साली व्हिएन्ना फिलहार्मोनिकसह केलेले मुद्रण सहज मिळते. पहिल्या वेळी साखळी ओळखावी, दुसऱ्या वेळी खोटे परत येणे, तिसऱ्या वेळी खरे. चौथ्यांदा ऐकताना रस मेला आहे की वाढला आहे याचा निर्णय ज्याने त्याने करावा. मी त्या निर्णयाची वाट पाहण्यास तयार आहे. प्रतिपक्ष मात्र तीनदा ऐकण्यास तयार आहे काय, एवढाच प्रश्न उरतो.